हवारचे पक्षी आणि मागणी नसलेलं पत्रक

मला मराठी वाचायला पत्रकांनी शिकवलं. शाळा बहारीनच्या ईसा टाउनमध्ये, तीही इंग्रजीतून. घर नईममध्ये, दोन खोल्यांचं. नागपूर-वर्ध्याकडून सुट्टी संपवून परतणारा प्रत्येक माणूस बॅगेत तिखटाची पिशवी आणायचा आणि तिच्याखाली पत्रकं. गुलाबी, पिवळ्या, कधी हिरव्या कागदावर छापलेली, घडीवर शाई फुटलेली. वडील एसी दुरुस्तीच्या कामावरून आले, हातपाय धुतले, की ती मोठ्यानं वाचायचे. मी शेजारी बसून बोटानं अक्षरं शोधायची. त्यामुळे 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'चिमणी'च्या आधी लिहिता आले. इतर मुलांना झोपताना गोष्ट मिळते, मला ठराव मिळाले. तक्रार नाही. खुर्ची असताना कुणी खाली बसायला सांगितलं, तर आधी 'का?' विचारायचं, हे मी त्या ठरावांकडूनच शिकले.

पत्रकांत पक्षीही होते. फक्त ते शिव्या म्हणून यायचे. सत्तेची गिधाडं. पांढरे बगळे. मालकाचे पोपट. पक्षी म्हणजे शत्रूला द्यायचं नाव, अशी माझी समजूत बरीच वर्षं होती. त्या शब्दांना खरोखरचे पंख असतात, याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

आता मी एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते आणि शनिवारी सकाळी ईसा टाउनमध्ये एका घराच्या हॉलमध्ये आमच्या लोकांच्या मुलांना मराठी शिकवते. मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. वाचायला मात्र काही नसतं. भारतातून आणलेल्या पुस्तकात नदी, बैल आणि आंब्याचं झाड. मुलं वाचतात आणि खिडकीतून वाळूकडे बघतात.

म्हणून मागच्या हिवाळ्यात मी त्यांना हवारला न्यायचं ठरवलं. हवार म्हणजे बहारीनच्या आग्नेयेला, कतारच्या किनाऱ्याला लागून असलेली बेटं. इथं जन्म काढलेल्या आमच्यातल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाहीत. बोटीची सोय नईमच्या छापखानेवाल्या चाचांनी केली. चाचा मूळचे रत्नागिरीचे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि जयंती साजरी करणाऱ्या आमच्या मंडळाची सगळी पत्रकं त्यांच्याच दुकानात छापली जातात. त्यांच्या मेहुण्याची बोट आहे. चाचा स्वतःही आले, डोक्याला रुमाल बांधून, आणि धक्क्यावरच मुलांना म्हणाले, "यल्ला, बसा खाली! उभं राहिलात तर पक्षी म्हणतील, हे कोण नवीन आले, यांचा व्हिसा दाखवा."

समुद्र सपाट होता. बराच वेळ काहीच दिसलं नाही, मग पाण्यालगत एक काळी रेघ दिसली. रेघ हलत होती. जवळ आलो तेव्हा कळलं की ते पक्षी आहेत, एकामागोमाग एक, पाण्याला जवळजवळ टेकून उडणारे. पहिला कुठे पोचला ते दिसेना आणि शेवटचा अजून आलेला नव्हता. मग रेघ एका जागी उतरली. सगळे पाण्यात बुड्या मारायला लागले. मागे राहिलेले उडून पुढच्यांच्या पुढे जाऊन पडायचे, की मग जे पुढे होते तेच मागे राहायचे, आणि पुन्हा उडायचे. सगळा थवा असा स्वतःवरून उड्या मारत सरकत होता. मुलं बसल्या जागेवरून बोटीच्या कडेकडे सरकली.

बेटाला आम्ही पाय लावला नाही. मेहुणा म्हणाला, आता घरटी आहेत, माणूस दिसला की ते उठतात, आणि ते उठले की कुरव, म्हणजे सीगल, अंडी खायला टपलेले असतातच. लांबूनच पाहिलं. वाळूवर शेजारी शेजारी खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक काळा पक्षी. शेजाऱ्याची चोच पोचणार नाही एवढंच अंतर. वास असा की बोटीतल्या एका आईनं ओढणी नाकाला लावली ती परत येईपर्यंत काढली नाही. अंगावर ऊन पडलं की काळ्या पंखांवर हिरवट-तांबूस झाक यायची.

"ताई, what's that in Marathi?" दहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं.

मला येत नव्हतं.

"And that one?" ती उथळ पाण्यात उभ्या पांढऱ्या पक्ष्याकडे बघत होती.

"बगळा," मी म्हणाले. एवढं तरी येत होतं.

"बगळा means?"

"ढोंगी माणूस," माझ्या तोंडून गेलं.

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. मुलगी पाण्यातल्या पक्ष्याकडे निरखून पाहत होती. त्यानं काय ढोंग केलं असेल, हे शोधत असावी. त्याच्या शेजारी तसाच एक, पण राखाडी-काळा उभा होता. नंतर कळलं की ती दोघं एकाच जातीची. एका घरट्यात दोन्ही रंगांची पिल्लं निघतात. कुणी कुणाला हाकलत नाही. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की माझी भाषा या बेटांपर्यंत आलेलीच नाही, आणि मी ती आणणार आहे.

घरी येऊन लिहायला बसले. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मध्ये घडी. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात टेबलावर ठेवायचा. वरच्या बाजूला पाणकावळ्याचं चित्र, खाली हवारला दिसणारे पक्षी, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात.

पाणकावळा हे त्या काळ्या पक्ष्याचं नाव मला मिळालं जनाबियाच्या एका बाईंकडे. तिथल्या मराठी लोकांचा पक्षी बघणारा एक गट आहे. सकाळी दुर्बिणी घेऊन निघतात, फोटो काढतात. बाईंच्या घरी मराठी नावांचं पुस्तक आहे असं कळलं, म्हणून मी फोनवर पत्रकाचं आणि कार्यक्रमाचं सांगून गेले. व्हिला मोठा, सोफा पांढरा. बाईंनी सरबत दिलं.

"अगं, मला काकू म्हण. मूळची कुठली तू?"

"वर्ध्याची."

"आडनाव?"

सांगितलं. त्यानंतर जो अर्ध्या सेकंदाचा थांबा येतो, तो आला. ज्यांना तो माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून पटत नाही.

"अरे वा," काकू म्हणाल्या. "तुमच्यातही आता ही आवड यायला लागली. छान छान. फार बरं वाटलं."

"आवड होतीच, काकू. पुस्तक तुमच्याकडे होतं."

त्या हसल्या. त्यांना राग आला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पुस्तकही त्यांनी लगेच हातात दिलं, चार दिवस ठेव म्हणाल्या. पाणकावळा, सुरय, कुरव, कैकर, रोहित. मी वहीत उतरवून घेत होते आणि त्या मागून बघत होत्या.

"मुखपृष्ठावर रोहित घे हं. फ्लेमिंगो. गुलाबी दिसतो, मुलांना आवडतो. पाणकावळा नको बाई. काळा, ओबडधोबड, आणि तो वास. शिवाय तुमच्या कार्यक्रमात कसं, काहीतरी सुंदर हवं."

"पाणकावळाच असेल," मी म्हणाले. "तिथं तोच सगळ्यात जास्त आहे. आणि सुंदर आहे."

"बघ बाई, तुझं पत्रक."

"हो. माझंच."

पुस्तक चौथ्या दिवशी परत केलं. त्या घरात नव्हत्या, मोलकरणीच्या हातात दिलं.

खरी लढाई मात्र त्या सोफ्यावर नव्हती. ती आमच्या नईमच्या खोलीत, सतरंजीवर होती, आणि समोर काकाजी होते. काकाजी म्हणजे नागपूरचे, आयुष्य ड्राफ्ट्समन म्हणून काढलेले, मंडळाची पत्रकं लिहिणारे आणि मला लिहायला शिकवणारे. पट्टीनं रेघ ओढावी तसं ते वाक्य लिहितात. मी दहावीत असताना माझं पहिलं पत्रक त्यांनी सगळं खोडून परत दिलं होतं आणि म्हणाले होते, पत्रकात चार गोष्टी लागतात: काय झालं, कुणाचं झालं, कुणी केलं आणि आपण काय मागतो. चौथी नसेल तर तो नुसता कागद. मे महिन्यात त्यांचा व्हिसा संपत होता आणि ते कायमचे नागपूरला जाणार होते. म्हणजे जयंतीचं पत्रक हे त्यांचं बहारीनमधलं शेवटचं. ते त्यांनी तिकडच्या मुलींच्या वसतिगृहांवर लिहिलं होतं. चांगलं होतं. नेहमीसारखं नेमकं.

माझा कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला. उलटा करून वाचला. पुन्हा सुलटा केला.

"हे तू काय लिहून राहिली?"

"हवारच्या पक्ष्यांवर, काकाजी."

"ते दिसते. पण काहून? आपल्याकडचं लिहिणं संपलं का?"

"नाही संपलं. हेही आहे."

"बाप्पा," ते वडिलांकडे बघून म्हणाले, "पोरगी पक्षी पाहाले लागली." वडील चहात साखर ढवळत राहिले. या दोघांत पडायचं नाही हे त्यांचं जुनं धोरण.

मग काकाजींनी मला एक वाट काढून दिली. मला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. "हे पाय. पाणकावळा काळा आहे, मेहनती आहे, हजारोंनी राहतो, कोणी त्याले विचारत नाही. म्हणजे कामगार झाला ना तो? तसं लिही. खाली लिही की गल्फमधला आपला माणूसही असाच, मंग दोन मागण्या टाक. चालते."

"तो कामगार नाही, काकाजी."

"मंग काय आहे?"

"पाणकावळा."

आईला हसू आलं, तिनं ते खोकल्यात लपवलं.

"त्याचं इंग्रजी नाव सोकोत्रा बेटावरून पडलंय," मी म्हणाले, "तिकडे येमेनच्या खाली दूर समुद्रात. घरटी हजारोंनी इथं करतो, नाव तिथलं. हेही मी फक्त सांगितलंय. त्याचं आपल्याशी नातं जोडलेलं नाही. जोडलं की लोक पक्षी बघणं सोडतील आणि आपल्याकडे बघतील. आपल्याकडे बघायला दुसरी पत्रकं आहेत."

काकाजींनी कागद सतरंजीवर ठेवला. त्यांचा आवाज खाली आला, म्हणजे ते खरोखर बोलत होते. "पोरी, माझं ऐक. लोक कार्यक्रमातून एकच कागद घरी नेतात. तुझ्यावर रंगीत चित्र आहे. माझ्यावर वसतिगृह आहे. ते कोणता नेतील?"

ते चूक नव्हते. वसतिगृहातल्या मुलींना तो कागद हवा होता, पाणकावळ्याला माझ्या कागदाचं काही नव्हतं.

"लोकांना दोन हात आहेत," मी म्हणाले.

"वा! दोन हात! एका हातात पोरगं असते, दुसऱ्यात जेवणाची प्लेट."

"मग मी पर्समध्ये कोंबीन. पण काकाजी, तुम्हीच सांगा, आपण काय लिहायचं हे कोण ठरवतं? जनाबियाला मला म्हणतात, तुमच्यातही आता आवड आली. तुम्ही म्हणता, पक्षी आपला विषय नाही. दोघांचं एकच झालं. समुद्र त्यांचा, पक्षी त्यांचे, सकाळ त्यांची. आणि आपल्याला काय, तर फक्त जे झालं ते आणि ज्यानं केलं तो? मी जन्मले ते या बेटावर. या बेटाबद्दल आपल्या एकाही पत्रकात एक ओळ नाही."

"कारण हे आपलं नाही," काकाजी म्हणाले. "आज आहे, उद्या व्हिसा खलास. माझंच पाय."

"बघायला व्हिसा लागत नाही."

काकाजींनी सतरंजीवरचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "मागणी टाक. एक तरी. मंडळाचं नाव देतो. नाही टाकली तर मंडळाचं नाव नाही, आणि आपल्या टेबलावर जागा नाही. विचार कर."

मी विचार केला, खोटं सांगणार नाही. मागणी तयार होती, सोपी होती. हिवाळ्यात बेटावर कुणी उतरू नये, घरटी मोडू नयेत. चांगली मागणी. ती टाकली असती तर काकाजी खूश, काकू खूश, शनिवारच्या वर्गाचं नाव मंडळासोबत. दोन दिवस मी ती ओळ लिहून बघत होते आणि खोडत होते. तिच्यात काही वाईट नव्हतं. पण ती टाकताच पूर्ण कागद तिच्यासाठी लिहिल्यासारखा व्हायचा. सगळे पक्षी त्या एका ओळीचे पुरावे व्हायचे. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट पुरावाच व्हावी लागते. आम्ही शिकलो तो पुरावा, घर घेतलं तो पुरावा, मुलगी नीट बोलली तो पुरावा. मला एक गोष्ट हवी होती जी कशाचाही पुरावा नसेल.

घरट्यांपासून लांब राहावं लागतं, हे मी पाणकावळ्याच्या मजकुरातच लिहिलं होतं, मेहुण्यानं सांगितलं तसं, साध्या वाक्यात. त्याला मागणीचा सदरा घातला नाही. मंडळाचं नाव काढलं. खाली लिहिलं: शनिवारचा वर्ग, ईसा टाउन.

चाचांनी दुकानात कागद वाचला आणि मशीनकडे बघितलं. "पोरी, तुमच्यातलं पत्रक आणि त्यात निषेध नाही? माझं मशीन बंद पडायचं. त्याला सवय नाही."

"पडलं तर दुरुस्त करा, चाचा."

"आणि हा बगळा ढोंगी नाही का आता?"

"नाही. आता तो मासे खातो."

"इंशाल्ला," चाचा म्हणाले आणि मशीन सुरू केलं. काळा रंग नीट येईना. हिरवट झाक यावी म्हणून त्यांनी तीनदा कागद फेकून दिला आणि चौथ्यांदा स्वतःच म्हणाले, "हां, हा दिसतो तसा."

कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये होता. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, मुलांची भाषणं इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केलेली. मंडळाच्या टेबलावर काकाजींची वसतिगृहाची पत्रकं एकावर एक, कोपरे जुळवून. तिथं जागा नव्हती. मी घरून पत्ते खेळायचं घडीचं टेबल आणलं होतं. ते दरवाजाजवळ, चपलांच्या शेजारी मांडलं आणि पाणकावळे वर करून कागद ठेवले. येणारे लोक बघत होते आणि मंडळाच्या टेबलाकडे जात होते. त्यांना माहीत होतं की मधे काहीतरी झालंय. आमच्या लोकांना असं लगेच कळतं. वडिलांनी एक कागद घेतला आणि खिशात ठेवला, पण वडिलांचं कोण मोजतं.

वंदना झाली, भाषणं झाली. माझ्या वर्गातल्या मुलांच्या माना टेबलाकडे वळायच्या आणि त्यांच्या आया त्या परत सरळ करायच्या. तासभर मी तिथं उभी होते. बसले नाही. बसले असते तर हरल्यासारखं दिसलं असतं.

मग काकाजी बोलायला उठले. निरोपाचं भाषण होतं. त्यांनी स्वतःबद्दल अगदी थोडं सांगितलं, वसतिगृहाबद्दल बरंच. टाळ्या पडल्या. वाटलं, झालं आता. पण माईक त्यांनी सोडला नाही.

"अजून एक. दरवाज्यापाशी एक टेबल आहे. तिथं एक पत्रक आहे, पक्ष्यांचं. ते मंडळाचं नाही. मले ते मान्य नाही. मी सांगूनही त्या पोरीनं त्यात एक मागणी टाकली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण ते आपल्या पोरीनं लिहिलं आहे, आणि न वाचता पत्रक नाकारायची पद्धत आपली नाही. म्हणून सगळ्यांनी घ्या. वाचा. आणि जाऊन तिले जाब विचारा."

खाली बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जेवणाआधी टेबलाभोवती गर्दी झाली. काकाजी म्हणाले होते तसंच होतं, कुणाच्या एका हातात पोरगं, दुसऱ्यात प्लेट. तरी वसतिगृहाचा कागद बगलेत होता आणि माझा दातांत धरलेलाही मी एक पाहिला. सगळ्यात पुढे एक मावशी होत्या, उंच, भारी आवाजाच्या, दवाखान्यात कामाला असलेल्या. त्यांनी कागद हातावर आपटला.

"काय वं, मागणी काहून नाही टाकली?"

"कारण काही मागायचं नव्हतं, मावशी. आम्ही गेलो आणि बघितलं."

"बस? नुसतं बघितलं?"

"नुसतं बघितलं."

मावशींनी ओठ दाबून माझ्याकडे बघितलं. त्यांना उत्तर पटलं नव्हतं, आणि पुढचा प्रश्न त्या शोधत होत्या. मी हात बांधून उभी राहिले. त्यांच्या मागून कुणीतरी कागद पुढे करून चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा जमिनीवर घरटं करतो म्हणता, तर साप येत नाही का? मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं, आणि दुसरा म्हणाला, मग पुढच्या हिवाळ्यात जाऊन पाहू ना, आणि मावशी त्याला म्हणाल्या, थांब रे, माझं अजून झालं नाही.